वर्गाची शिस्त

"मार्कर ठेव आणि मागच्या बाकावर जाऊन बस," इंग्लिशच्या क्लासची व्हिएतनामी मालकीण धावत येऊन कुजबुजली. "तपासणी आलीये. तू इथे पाहुणी आहेस, शिकवत नाहीस."

वृषाली मागच्या बाकावर जाऊन बसली. व्हिसा टुरिस्टचा, पदवी अर्धवट सोडलेली. शिकवताना सापडलं तर आधी कोठडी आणि मग हद्दपारी, हे ती हनोईत उतरल्यापासून जाणून होती.

दोन अधिकारी आत आले. त्यांनी भिंतीवरचे तक्ते पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं. मालकीण वृषालीकडे बोट दाखवून घाईघाईने काहीतरी गोड बोलली. मोठ्या अधिकाऱ्याने मान डोलावली आणि अदबीने वृषालीला दार उघडून दिलं.

तिने पर्स उचलली. दार जवळ आलं होतं.

तेवढ्यात मागे बाकं सरकली. बाई वर्गाबाहेर निघाल्या की सगळ्यांनी उभं राहायचं, ही आपल्या कराडच्या शाळेतली शिस्त तिनेच या पोरांना हौसेने लावली होती.

"थँक यूऽऽ, टीऽऽचर!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

अधिकाऱ्याने तिच्यासाठी उघडलेलं दार हलकेच लावून घेतलं.