गुळगुळीत बाजू

“बोळा घट्ट दाबून धर,” गेणभाऊ म्हणाला आणि त्यानं जीप चालू केली.

भरतनं फडक्याचा बोळा सायलेन्सरच्या तोंडात कोंबला, वर टाच दिली. धुराला दुसरीकडून वाट नसेल, तर इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. जीप काही बंद पडली नाही. उलट बॉनेटखालचा फट् फट् आवाज वाढला.

“ऐका, ऐका!” भरत मागून ओरडला. “चार दिवस न्हाई झालं नवा मॅनिफोल्ड बसवून. निम्म्या वाटंतनं माघारी आलोय. आत समदा धूर. बाया खोकून खोकून बेजार, आईला वकारी आली. ऐन चतुर्थीच्या दिवशी, राव!”

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणारा बिडाचा जाड तुकडा. तो गेणभाऊनंच बसवला होता, इथंच, पिंपळवंडी फाट्यावरच्या त्याच्या पत्र्याच्या गॅरेजात. ओझरला प्रवासी नेणाऱ्या वडापच्या अकरा जीपा त्याच्याकडं यायच्या. त्यातली पहिली भरतची. भरत स्टँडवर जे बोलेल तेच बाकीचे दहा जण धरून चालणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“गार होऊ दे आधी.”

“अजून गार होऊ दे? दिवस गेला की माझा!”

“मग तापल्या बिडाला हात लावू का?”

भरतची आई साळुबाई जुन्या सीटच्या बाकड्यावर टेकून बसली होती. तांब्यातलं पाणी घोट घोट पीत होती. नारळाची पिशवी तशीच मांडीवर. ओझरच्या गणपतीचं दर्शन राहिलंच होतं.

अर्ध्या तासानं गेणभाऊनं नट खोलले आणि मॅनिफोल्ड बाहेर काढला. चार तोंडांपैकी तीन चोख बसली होती. चौथ्यापाशी काजळीचा फराटा होता, आणि फराट्याच्या बुडाशी दोन-तीन जळके दाणे. भोवती करपलेलं कुंकू.

गेणभाऊला मंगळवार आठवला. साळुबाईनं घरी पूजा करून नवा मॅनिफोल्ड मांडीवर घेऊन आणला होता. बाकी सगळं बीड खडबडीत, म्हणून तिनं गुळगुळीत बाजू बघून तिथं ओलं कुंकू लावलं होतं, वर अक्षता. इंजिनाला चिकटून बसते ती नेमकी तीच बाजू. त्यानं पुसायला फडकं उचललंही होतं. समोर साळुबाई हात जोडून उभी. तिच्या देखत कुंकू पुसायचं कसं? त्यानं फडकं ठेवलं आणि नट आवळले. पुढं तांदूळ जळाले, आणि तेवढी फट पडली.

“काय हाय?” भरत वाकला.

गेणभाऊनं दाणे उचलून मूठ मिटली. “कचरा. माझ्याकडनं पुसायचा राह्यला.”

“कचरा? वीस वर्षं पानं फिरवताय आन् कचरा ऱ्हातोय? डोळं गेलं का तुमचं?” शेजारच्या एसटीडी बूथमधली माणसं बाहेर येऊन बघायला लागली, तसा भरतला आणखी जोर चढला. “राम राम आपला! उद्यापासनं जीप नारायणगावच्या गॅरेजात. आन् स्टँडवर सांगतो समद्यांना.”

गेणभाऊनं मूठ आणखी घट्ट आवळली. कान लाल झाले. वीस वर्षांत त्याला कुणी असं चारचौघांत झापलं नव्हतं.

साळुबाई उठली. तिनं गेणभाऊचं मनगट धरलं आणि मूठ उघडून बघितली.

“कचरा न्हाई त्यो. माजं तांदूळ हाईत.”

“मावशी, ऱ्हाऊ द्या. पुसायचं काम माझं व्हतं.”

“तू पुसलं असतंस, तर मी पुन्यांदा लावलं असतं.”

भरतनं कपाळाला हात लावला. “आये, लोखंडाला कुंकू लावून काय व्हतं गं? कितीदा सांगितलं तुला!”

“मग काय करू?” साळुबाईचा आवाज चढला. “लई पळवतोस तू. मागच्या बाया गुमान बसत्यात. मी पुढं जीव मुठीत धरून बसते. तू घरी येस्तवर घास उतरत न्हाई मला. तुला सांगून झालं. मग गाडीला सांगितलं.”

रस्त्यानं टोमॅटोचा एक टेम्पो गेला. बूथमधली माणसं आत गेली.

गेणभाऊनं पॉलिश पेपरनं दोन्ही बाजू घासून चोख केल्या, नवं पॅकिंग घातलं, नट एकसारखे आवळले.

“दाब बोळा.”

भरत मागं जाऊन उकिडवा बसला. या वेळी त्यानं दोन्ही हातांनी बोळा धरला. इंजिनानं दोन गचके खाल्ले आणि बंद पडलं.

“झालं,” गेणभाऊ म्हणाला.

साळुबाईनं पिशवीतून कुंकवाची पुडी काढली. गेणभाऊ पटकन बॉनेटपुढं आडवा आला.

“भिऊ नको रं, गेणू,” ती म्हणाली आणि मागं गेली. भरत अजून सायलेन्सरपाशीच होता. तिनं त्याची हनुवटी वर केली, कपाळाला कुंकू लावलं, वर चार तांदूळ दाबले.

“हितंच लावाया पायजे व्हतं,” ती म्हणाली.

भरतचे दोन्ही हात काजळीनं माखले होते. त्यानं कपाळ पुसलं नाही.

“परवा ब्रेक बघायला आणतो,” निघताना तो गेणभाऊकडं न बघता म्हणाला.

जीप ओझरच्या रस्त्याला लागली. गेणभाऊ कान देऊन उभा राहिला. फट् फट् नव्हती. वळण येईपर्यंत भरतनं दुसऱ्याच्या वरचा गिअर टाकलाच नाही.