दरीच्या बाजूची खोली

"डावीकडे घ्या," अर्लीन म्हणाली. "आता हाच रस्ता थेट आत जातो."

वेंडलने गाडी डावीकडे घेतली. पहाटे पाचला आयडाहोतलं गाव सोडल्यापासून स्टिअरिंग त्याच्याच हातात होतं. आता दुपारचे तीन वाजायला आले होते आणि काचेवर लाल धुळीचा थर बसला होता.

"थकलात?" तिने विचारलं.

"छे. तुम्हीच जरा डोळे मिटा हवं तर."

वेंडल जुन्या वळणाचा. बाईमाणूस म्हटलं की तो अहोजाहोच करायचा. अर्लीनला त्याचं बरं वाटायचं. दिवसभरात त्याने एकदाही आवाज चढवला नव्हता. दर थोड्या वेळाने आरशातून मागे पाहायचा तेवढंच.

जेवायला ते वाटेतल्या एका छोट्या गावात थांबले होते. वाढणारी बाई पन्नाशीची, तोंडाळ होती.

"काय, दऱ्या बघायला निघालात? दोघंच? लग्नाला किती वर्षं झाली म्हणे?"

"सव्वीस," वेंडल म्हणाला.

"एकतीस," अर्लीन त्याच क्षणी म्हणाली.

बाईने कमरेवर हात ठेवला. "अहो, पाच वर्षं कुठं सांडून आलात? की तेवढीच सुखाची गेली म्हणून ध्यानात नाहीत?"

अर्लीनला इतकं हसू आलं, की कॉफी बशीत सांडली. वेंडल कानापर्यंत लाल झाला आणि त्याने साखरेचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. अर्लीन साखर घेत नसे. पण तिने चमचाभर घातली आणि कॉफी पिऊन टाकली.

आता रस्ता वळणं घेऊ लागला. आधी पांढुरके डोंगर आले. कुणी नखाने आडव्याउभ्या रेघा ओढाव्यात तशा भेगा त्यांच्या अंगावर होत्या. मग दगड गुलाबी झाला, मग विटेसारखा आणि मग असा लाल, की आतून पेटलाय असं वाटावं. चाकांखालचा डांबरी रस्तासुद्धा लाल होता.

"थांबवा," अर्लीन म्हणाली. "जरा थांबवा."

दोघं उतरली. वारा नव्हता. कड्याच्या एका अरुंद पट्टीवर चार रानमेंढ्या अंगणात उभ्या असाव्यात तशा उभ्या होत्या. वेंडलने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, चर्चमध्ये शिरताना धरतात तशी.

तीस वर्षं अर्लीन म्हणत आली होती, एकदा तरी ते लाल कडे बघायचेत. उत्तर ठरलेलं असायचं. दगड बघायला का कुणी दिवसभर गाडी हाकतं? दगड काय आपल्या मागच्या अंगणात नाहीत? पुढेपुढे तिने विचारणंच सोडलं होतं.

आणि आज ती इथे उभी होती. गेले पंधरा दिवस जे मनात घोळत होतं, शब्द न् शब्द पाठ झालं होतं, त्यातलं तिला एकही वाक्य आठवेना.

"अजून मागे फिरता येईल," वेंडल हळूच म्हणाला.

"भीती वाटतेय?"

"वाटतेय. तुम्हाला नाही?"

"वाटतेय ना. पण इतक्या लांब आलोय. आता बघूनच जाऊ."

पुढे बोगदा होता, मैलभराहून लांब. आत मिट्ट काळोख. डोंगराच्या कुशीला मधेमधे खिडक्या फोडलेल्या होत्या. खिडकी आली की क्षणभर उन्हात न्हालेला कडा दिसायचा आणि पुन्हा काळोख. अर्लीन श्वास रोखून पुढच्या खिडकीची वाट पाहत राहिली.

बोगदा संपला आणि सगळी दरी एकदम समोर आली.

वेंडलने गाडी कडेला घेतली. दोन हजार फुटांच्या भिंती सरळ आभाळात गेल्या होत्या. मावळतीकडचं ऊन एकाच भिंतीवर पडलं होतं आणि ती भिंत सोन्याची झाली होती. तळाशी नदीकाठची झाडं हिरव्या दोऱ्यासारखी दिसत होती. ती एवढीशी नदी हे सगळं कोरत बसली होती, कुणी पाहत नसताना, लाखो वर्षं.

अर्लीनच्या गालांवरून पाणी ओघळलं. तिने ते पुसलं नाही.

"माणूस किती लहान आहे," वेंडल म्हणाला.

"बरंच आहे की ते," ती म्हणाली. "आज मला लहानच व्हायचं होतं."

नागमोडी रस्त्याने ती खाली उतरली. पाच वाजता गाडी लॉजच्या दारात उभी राहिली. अर्लीनने आरशात पाहून केस नीट केले आणि पदर सावरावा तसा कोटाचा पट्टा घट्ट केला. वेंडलने तिच्यासाठी दार धरलं.

"थॉर्प नावाने खोली आहे ना?" त्याने विचारलं.

काउंटरवरच्या मुलीचा चेहरा उजळला. "मिस्टर आणि मिसेस थॉर्प! या, या. एक खोली, दरीच्या बाजूची, चार रात्री. सकाळी पडदा सारलात की समोर कडाच. आणि साहेबांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे टेबलावर फुलं ठेवलीत."

तिने किल्ली पुढे केली. वेंडलने ती घेतली नाही. त्याने अर्लीनकडे पाहिलं.

"किल्ली राहू दे, पोरी," अर्लीन शांतपणे म्हणाली. "थॉर्प माझा नवरा. आणि त्याच्यासोबत जी मिसेस येतेय ना, ती ह्या गृहस्थांची बायको. तासाभरात पोचतील दोघं. तोवर दाराकडे तोंड करून बसता येईल अशा दोन खुर्च्या तेवढ्या दाखव आम्हाला."