ताई आणि लांडगा

अकरा नंबरच्या खाटेपाशी कुणीतरी हसलं आणि इनचार्ज सिस्टरच्या हातातली सलाइनची बाटली तशीच हवेत राहिली. आधी दोन तुटक ठसके, मग नाकातून फुरफुर. महिनाभर हे हसणं तिच्या कानात मळासारखं साचलं होतं. ती वळली. हसणारा माणूस म्हणजे हाडांच्या वॉर्डात सोमवारपासून आलेला नवा फिजिओ. चाळिशीचा, पोट सुटलेला, चष्मेवाला. गुडघे टेकून तो अकरा नंबरच्या आजींच्या पायात बूट चढवत होता, आणि खुब्याच्या हाडात खिळे घातलेल्या त्या आजी त्याला कसलातरी विनोद सांगत होत्या.

लांडगा! खेळात त्याने हेच नाव घेतलं होतं.

ड्यूटी संपली की सिस्टर घरी जायची, पाय कोमट पाण्यात सोडायची, हेडफोन लावायची आणि मोबाईलवर तो लढाईचा खेळ उघडायची. चौघांची टीम. माणसं अनोळखी, नुसते आवाज. कुणी गोळी लागून पडलं की अर्ध्या मिनिटात साथीदाराने जाऊन उचलायचं, नाहीतर तो गेलाच. सिस्टर सगळ्यांना उचलायची. गोळ्या सुटत असताना रांगत जायची. ‘थांब हं बाळा, आलेच मी,’ म्हणायची. तिथे तिला सगळे ताई म्हणत. ‘ताई आहे ना, मग कशाला घाबरायचं!’ एवढं कानावर पडलं की तिचा दिवसभराचा शीण उतरायचा.

लांडगा कुणालाच उचलत नसे. पडलेल्याची बंदूक, औषधं, सगळं ओरबाडून घ्यायचा. मागच्या आठवड्यात एक नवखी मुलगी पडली होती. ‘दादा, उचला ना, प्लीज,’ ती विनवत होती. लांडगा तिच्याभोवती नाचला. तीसपासून एकपर्यंत सावकाश आकडे मोजले. मग हसला, आणि वर असं काही बोलला की सिस्टरने हेडफोन काढला. कान रुमालाने पुसला. खरोखरच पुसला.

आणि आता तो माणूस तिच्या वॉर्डात, तिच्या पेशंटच्या अंगाला हात लावत होता.

आठवडाभर ती त्याच्या पाळतीवर राहिली. त्याचं काहीच चुकेना, तसतशी तिची शिसारी वाढत गेली. त्याने एकीला घास भरवला तेव्हा तो ढोंगी ठरला. आजींची वाढलेली नखं कापून दिली तेव्हा महाढोंगी. त्याचे ते गुबगुबीत, ओलसर तळवे पाहिले की तिला पाल आठवायची. एकदा ती अशीच त्याच्यावर डोळा ठेवून बसली असताना सात नंबरची बाई बेडपॅनसाठी तिसऱ्यांदा हाका मारू लागली. सिस्टर खुर्चीतूनच ओरडली, “कान फुटले नाहीत माझे! घरी काय दहा नोकर ठेवलेत?” वॉर्ड चिडीचूप झाला. फिजिओने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. बघू दे, तिला वाटलं. शिस्त कशी असते ते त्यालाही कळू दे.

शनिवारी दुपारी तिने त्याला ड्रेसिंगच्या खोलीत गाठलं.

“लांडगा,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “तुम्हाला… कुणी सांगितलं?”

“मरणाऱ्यांभोवती नाचायचं आणि इथे येऊन पाय चेपायचे! लाज वाटते का काही?”

“वाटते,” तो म्हणाला. “पण खरं सांगू, सिस्टर? दिवसभर गोड बोलून बोलून तोंड चिकट होतं. तिथे जाऊन थुंकतो. तिथे कुणाचं हाड मोडत नाही.”

थुंकी आपल्याच अंगावर पडावी तशी ती मागे सरली. “माणूस कुठेही गेला तरी आतून तोच असतो,” ती म्हणाली. “मीही असते तिथे. ताई म्हणतात मला.”

तो ओशाळेल, माफी मागेल, असं तिला वाटलं होतं.

“तुम्ही?” तो हळूच म्हणाला. “त्या ताई?”

त्याच्या डोळ्यांतलं आश्चर्य तिने आदर समजून खिशात टाकलं. मोठ्या डॉक्टरांकडे तक्रार करायची तर एखाद्या पेशंटच्या तोंडचं काहीतरी हवं होतं. “चला माझ्याबरोबर,” म्हणत ती त्याला थेट अकरा नंबरपाशी घेऊन आली. पडदा ओढला. खाली वाकली. खेळात पडलेल्या पोरांशी बोलताना लावायची तो मऊ आवाज लावला.

“आजी, घाबरायचं नाही हं. मी आहे. या माणसाने तुम्हाला कधी काही त्रास दिला असेल तर मोकळेपणाने सांगा.”

आजींनी फिजिओकडे पाहिलं. मग सिस्टरकडे. त्यांची बोटं उशीचा कोपरा चुरगाळू लागली, डोळ्यांत पाणी आलं. सिस्टरच्या अंगावर समाधानाचा काटा आला. सापडला एकदाचा.

“बोला ना, आजी. काय सांगायचंय?”

“तुम्ही सांगाल ते सांगते, सिस्टरबाई,” आजी हात जोडून म्हणाल्या. “पण मग आजच्या दिवस तरी मला ओल्यात निजवू नका.”