रोजच्या वापरासाठी दणकट

"दोनशे मीटर खोल पाण्यात नेलं तरी काही होणार नाही," विक्रेता म्हणाला. "काचेवर ओरखडा उठत नाही, पट्टा स्टीलचा. रोज घाला, खुशाल आपटा."

"पाण्याचं राहू द्या," लिफ्ट दुरुस्त करणारा म्हणाला. "याला सेल नाही ना?"

"नाही. मनगट हललं की आपोआप चावी भरते. या महागातल्याला जराशी हालचालही पुरते. हात अजिबात हललाच नाही, तर मात्र तीन दिवसांत बंद." तो हसला. "चिरंजीव फार आळशी नाहीत ना?"

"चार महिने लोळतोय," बायको म्हणाली. "चला हो. नसतं खूळ."

विक्रेत्याला बिचाऱ्याला काय कल्पना!

मोटारसायकल घसरल्यापासून मुलगा दवाखान्यात होता, श्वासाच्या मशीनवर. आता तो कधीच हलणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मशीन काढायच्या कागदावर बायकोने सही केली होती. याची बाकी होती. आपली पाठ वळली की पोरगा बोटं हलवतो, असा याचा हेका.

"घड्याळ थांबलं तर सही करतो," दुकानाबाहेर आल्यावर तो म्हणाला. "माणसं खोटं बोलतात. यंत्र बोलत नाही."

"होऊ दे तुमचं समाधान. पण मग सोडू त्याला. किती हाल करायचे लेकराचे?"

सोमवारी सकाळी त्याने पूर्ण चावी भरून घड्याळ मुलाच्या डाव्या मनगटावर बांधलं. या हाताला कुणीही हात लावायचा नाही, असं सिस्टरना दहादा बजावलं. सिस्टरनी मान डोलावली. नातेवाइकांची खुळं त्यांना नवी नव्हती. मग तो कामावर गेला. बायको नेहमीसारखी उशाशी बसून राहिली.

गुरुवारी काटा चालू होता. शुक्रवारी सकाळी तो आला, वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

"चालू आहे गं," तो म्हणाला. त्याला रडू आवरेना. "आणि तू म्हणत होतीस, सोडू."

"चुकलं माझं," ती म्हणाली.

आपली सही न केलेला कागद घेऊन तो डॉक्टरांकडे धावला. जिन्यावरचा बुटांचा आवाज विरला.

तिने दार लोटलं, मुलाच्या मनगटावरचं घड्याळ सोडवलं, रोजच्यासारखं पन्नास वेळा हलवलं आणि पुन्हा बांधलं.