धावत आलेल्या सात जणी

पाणी सायलेन्सरला लागलं आणि मोटरसायकल बंद पडली. नेमकी नाल्याच्या मध्यावर. हर्षाने स्टार्टर दाबला, पुन्हा दाबला. इंजिन खोकलंसुद्धा नाही. पुढचं चाक दोन दगडांच्या बेचक्यात अडकलं होतं. डोक्यावर कडक ऊन होतं, पण उत्तरेला सातपुड्यावर काळंभोर झालं होतं, आणि मघाशी घोट्याएवढं दिसलेलं पाणी आता तिच्या गुडघ्यांशी झोंबत होतं.

एकोणीस दिवस झाले होते. कच्छच्या रणातून ती एकटी निघाली होती. जमेल तिथे डांबर टाळत, वाळूतून, जंगलवाटांनी, शेतांमधल्या पांदणींनी. चांदूर रेल्वे गावच्या शाळेत पोरांना खेळ शिकवणारी बत्तीस वर्षांची हर्षा या प्रवासात गाडीसकट अठरा वेळा पडली होती आणि दर वेळी चिखल झटकून, स्वतःशीच हसून पुढे निघाली होती. तेल्हारा आता तासाभरावर, मग अकोला, आणि संध्याकाळी घर. अन् शेवटच्या दिवशी हा एवढासा नाला आडवा आला!

गाडी सोडून काठ गाठणं सोपं होतं. तिने हँडल दोन्ही हातांनी आवळलं. पाणी मांडीला लागलं. गाडी हळूहळू कलायला लागली.

"अवं पोरी! सोड थे गाडी!"

हाक मागच्या काठावरून आली. कपाशी निंदणाऱ्या बाया होत्या. थोड्या वेळापूर्वी त्यांच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून येताना हर्षाने त्यांना हात केला होता. आता त्या विळे टाकून धावत सुटल्या होत्या. सगळ्यांत पुढे एक तरणी होती. काठावर येऊनही ती थांबली नाही. साडी खोचली आणि सरळ पाण्यात उतरली. तिच्यामागून सहा जणी.

हाक मारणारी मैनाबाई पन्नाशीची होती. तिने येऊन हर्षाचा दंड धरला. "सोड म्हणलं नं! गाडी दुसरी भेटते."

"नाही सोडणार."

मैनाबाईने एकदा नाल्याच्या वरच्या अंगाला पाहिलं. पाणी गढूळ झालं होतं, काटक्या-फांद्या वाहत येत होत्या. तिने पदर कमरेला करकचून बांधला.

"मंग आमी बी नाही सोडत. लावा वो हात!"

"मांगं ओढू?" कोणीतरी ओरडलं.

"मांगं उभा चढ हाय, वर निंगनार नाही. पुढं ढकला!"

मग जे झालं ते दोन-तीन मिनिटांत झालं. दोघींनी पुढच्या चाकाखालचे दगड हातांनी उपसले, तिघी मागून भिडल्या, दोघींनी गाडीवरच्या बॅगांचे पट्टे धरले. "जोर लाव वो! अजून! अजून!" हर्षाचा बूट पाण्यात गेला, कोणाच्या तरी बांगड्या फुटल्या, एक जण घसरून पार बुडाली आणि तिला केसांना धरून वर काढलं, तर ती हसतच वर आली. चाक सुटलं. गाडी हलली. आठ जणींनी ती उचलल्यासारखी पुढच्या काठावर चढवली आणि सगळ्या चिखलात धापकन बसल्या.

तेवढ्यात नाला गरजला. उन्मळलेलं एक झाड गिरक्या घेत आलं आणि गाडी अडकली होती तिथूनच धडधडत निघून गेलं. मग सगळ्यांनाच हसू फुटलं.

हर्षाने प्लग काढला. मैनाबाईने तो बॅगेतल्या कोरड्या फडक्याने पुसला, लेकराचं नाक पुसावं तसा. हर्षाने स्टार्टर दाबला तसं आतलं पाणी फुर्रकन उडालं. प्लग पुन्हा बसवला. चौथ्या प्रयत्नाला इंजिन धडधडलं, आणि बायांनी असा आरडाओरडा केला की बाभळीवरचे बगळे उडाले. हर्षाने बॅगेतला कच्छचा खजूर सगळ्यांच्या ओंजळीत ओतला. तिच्या डोळ्यांना पाणी येत होतं आणि ओठांवरचं हसू थांबत नव्हतं.

"गाव कुठलं तुमचं?" तिने विचारलं. "चला, एकेकीला शान मारत घरी सोडते!"

मैनाबाईने खजुराची बी थुंकली आणि गरजणाऱ्या पाण्यापलीकडे बोट केलं. "थे नाही का दिसून राहिलं? झाडाइच्या मांगं."

हर्षाचं हसू विरलं. "आणि पूल?"

"नऊ किलोमीटर खाली. डांबरी रोडावर. आमचं काही नाही, पाणी उतरलं का जाऊ. पण या कौशल्येचं लेकरू तीन महिन्याचं हाय. दुपारी पाजाले जाते थे."

सगळ्यांत आधी पाण्यात उतरलेली तरणी, ती कौशल्या. ओली साडी अंगाशी लपेटून ती पलीकडे बघत उभी होती.

हर्षाने बॅगा सोडून बाभळीखाली टाकल्या. घरी फोन लावला आणि आज येत नाही, उद्या येते एवढंच सांगितलं. मग आपलं हेल्मेट कौशल्येच्या डोक्यावर चढवलं. "बस. आधी तू. मग बाकीच्या. सगळ्यांना पोचवल्याशिवाय मी जात नाही."

पांदणीत गाडी उसळली. पहिल्या उसळीला कौशल्या किंचाळली, दुसरीला खळखळून हसली आणि तिने हर्षाच्या कमरेला घट्ट मिठी मारली. बऱ्याच वेळाने, पूल दिसायला लागल्यावर, हर्षाने मान वळवून विचारलं,

"कौशल्या, पाणी एवढं चढणार हे तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं म्हून तं धावली नं, ताई," मागून आवाज आला. "तुमाले ठाऊक नव्हतं."