वर्तणूक: चांगली

शाळा सोडल्याचा दाखला आधीच लिहून तयार होता. मुख्याध्यापक पिंपळशेंडे सरांनी तो टेबलावर ठेवला, शेजारी एक कोरा कागद सरकवला आणि पेनचं टोपण काढून दिलं.

"विमलताई, दोन ओळींचा अर्ज. 'माझी मुलगी समीक्षा हिचं नाव मी स्वखुशीने काढत आहे.' खाली सही. झालं."

विमल अजून खुर्चीला टेकलीही नव्हती. मागे दाराशी समीक्षा उभी होती. सातवीतली पोर, हाडापेरानं थोराड. नखानं चौकटीचा रंग खरवडत होती.

आठवीपर्यंत शाळेला कुठल्याही लेकराचं नाव काढता येत नाही, हे सरांना पाठ होतं. विमललाही ते नुकतंच कळलं होतं. म्हणून या शाळेत नावं कधी काढली जात नसत, आईबापच ती स्वखुशीनं काढून नेत. वर्षाला एखाद्या घराला अशी खुशी व्हायचीच.

सरांनी डॉक्टरचा कागद उचलला. तो आणायला त्यांनीच सांगितलं होतं. चार वेळा यवतमाळची एसटी केली, तेव्हा कुठे तो हाती आला. वर लिहिलं होतं, वर्तन विकार.

"आता त डॉक्टरनंच लिहून दिलं," सर म्हणाले. "वर्गातल्या अंकुरले मारलं, भुवईवर चार टाके. त्याच्या आधी मॅडमचा मोबाईल पाण्याच्या टाक्यात. दोनदा भिंतीवरून पळाली. विचारलं की तोंडावर खोटं. चाळीस लेकरं आहेत त्या वर्गात, ताई. त्यायच्या आईबापाले मी काय सांगू?"

सर काही वाढवून सांगत नव्हते. त्या दिवशी शाळेत धावत येऊन अंकुरच्या चेहऱ्यावरचं रक्त विमलनं स्वतः पुसलं होतं. ते पाहून समीक्षा हसत होती, तेव्हा विमलला पोटच्या पोरीची भीती वाटली होती.

"कागद पुरा वाचला काय सर तुमी?"

"वाचला ना. विकार."

"त्याच्या खाली बी लिवलं आहे. मारू नका. चुकली की लगेच शिक्षा, लहानशी, पहिलेच ठरलेली. बरोबर वागली की त्याच घडीले तोंडानं सांगा. अन् शाळा सुटू देऊ नका. गोळी नाही लिवली सर त्यायनं, शाळा लिवली."

"यवतमाळात बसून लिहाले काय जाते?"

"मी बी पहिले हेच म्हटलं. चुलीतल्या लाकडानं मारलं मी इले. काय झालं? दुसऱ्या दिवशी मोबाईल टाक्यात गेला." विमलचा आवाज चढला. "आता अंकुरच्या घरी माफी मागाले नेऊन आणली. पंधरा दिवस सायकलले कुलूप आहे. रोज पायी येऊन राह्यली."

सर जरा मवाळले. त्यांनी दाखला तिच्यापुढे सरकवला. "तिचंच भलं पाहून लिहिलं आहे मी. वाचून त पाहा."

विमलनं तो घेतला आणि न वाचताच मागे लेकीच्या हातात दिला. तिच्याबद्दल जे बोलाल ते तिच्या समोर बोला, हेही डॉक्टरनं सांगितलं होतं.

"तुया कागद आहे. वाच. मोठ्यानं."

समीक्षानं घडाघडा वाचलं. "अभ्यासातील प्रगती, साधारण. वर्तणूक, चांगली. शाळा सोडल्याचे कारण, पालकांच्या विनंतीवरून."

मग ती फिसकन हसली. "आई, हे त खोटं आहे."

सर खुर्चीत सावरून बसले. "चांगली नाही लिहिलं त दुसरी शाळा घेईल काय तुले? समद्यायचंच असं लिहितो आमी."

"पण मी कुठं चांगली वागतो? अन् आईनं विनंती बी नाही केली."

खोटं बोलते म्हणून याच खोलीत तिला तीनदा उभं केलं होतं. विमलला हसावं की रडावं कळेना. पण ही घडी वाया घालवायची नव्हती.

"बरोबर. खरं बोलली समीक्षा," ती सरांसमोर खणखणीत म्हणाली. समीक्षाचं नख चौकटीवर थांबलं.

"सर, इथं वाईट लिवा. कारणात लिवा, शाळेनं काढलं. खाली तुमची सही करा. मंग मी बी करतो."

"असं लिहिता येत नाही, ताई."

"मंग राहू द्या दाखला."

तिनं कोरा कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. माझ्या मुलीला पहिल्या बाकावर, अंकुरपासून दूर बसवावे. दर दुसऱ्या मंगळवारी तिला दवाखान्यात न्यायचे आहे, त्या दिवशी सुट्टी मिळावी. खाली सही ठोकली.

"याची पोच द्या."

सरांनी कागद वाचला. मग खण उघडून शिक्का शोधला.

वर्ग भरला होता. दोघी दाराशी पोचल्या तशा चाळीस माना वळल्या. शेवटच्या बाकावर अंकुर होता, भुवईवर पांढरी पट्टी. त्यानं दप्तर छातीशी ओढून घेतलं.

समीक्षा उंबऱ्यावरच थांबली. "आई, मी त्याले पुन्हा मारलं त?"

ती धमकी देत होती की घाबरली होती, विमलला ओळखता आलं नाही.

"त सायकल महिनाभर बंद. अन् मी पुन्हा येईन, इथंच. जा, बस पहिल्या बाकावर."