तुझाच होता

"हात लावलाच नाही मी. आईशपथ, तुझाच होता," कृष्णकांत म्हणाला आणि रॉड स्टँडवर टाकून मागे सरकला.

बेंचवर आडवा पडलेला भगवान धापा टाकत हसला. "एकशे दहा? माजा एकट्याचा?"

"मग काय माझ्या बापाचा?"

पनवेलच्या वडाळे तळ्यामागच्या त्या व्यायामशाळेत सगळ्यात जास्त बोललं जाणारं खोटं हेच. एक जण बेंचवर पडून वजन मारतो, दुसरा त्याच्या डोक्याशी सपोर्टला उभा राहतो. रॉड छातीवर अडकला तर उचलायला. पण नुसता उभा राहील तर तो माणूस कसला? हळूच बोटं लावतो आणि वर छातीठोक सांगतो, तुझाच होता. ऐकणारा खूश, सांगणाऱ्याला फुकटचं पुण्य.

कृष्णकांत पुण्य करत नव्हता. भगवानचा जोर पंचाण्णवला संपतो, हे त्याच्या बोटांना पक्कं ठाऊक होतं. वरचं वजन कृष्णकांतचं होतं आणि महिनोन्महिने ते त्याने भगवानच्या डोक्यात चढवलं होतं.

कारण सरळ होतं. त्यांच्या वजनी गटातून जिल्ह्याचा एकच माणूस राज्य स्पर्धेला जाणार होता. राज्यात नाव लागलं की न्हावा शेव्याच्या एका कंपनीत खेळाडूंच्या कोट्यातून कायमची नोकरी. कृष्णकांत तिथेच कंत्राटदाराच्या हाताखाली कंटेनरची दारं उघडत आणि मुकादमाच्या शिव्या खात होता. वयाच्या अटीत बसणारं त्याचं हे शेवटचं वर्ष. गटातले बाकीचे अजून कोवळे होते. कृष्णकांतच्या एकदा फाटलेल्या खांद्याने ऐन वेळी दगा दिला, तर पंचाण्णव मारूनही आडवा येणार तो भगवानच.

आणि स्पर्धेचा नियम असा, की सुरुवातीला जे वजन सांगाल त्याच्या खाली उतरता येत नाही. तीनदा चुकलात की बाद. भगवान एकशे दहा सांगणार आणि तिथेच मरणार.

खरं तर गेल्याच वर्षी कृष्णकांत गेला असता. ऐन स्पर्धेच्या तोंडावर खांद्याचा स्नायू फाटला. डॉक्टर म्हणाला, "आता वजनं विसरा." बायको वेणू म्हणाली, "बरं झालं. घरातली अंडी आता पोरांच्या तोंडात तरी जातील."

तो परत आला तेव्हा चाळीस किलोला हात लटपटत होते. बेंचवरून उठून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रडतोय हे फक्त भगवानने पाहिलं.

"रडतोस कशाला? हाडं शाबूत हायत ना? मंग बाकीचं येतंय."

भगवान शिरढोणचा. मनात येईल ते तोंडात. तेव्हापासून दोघांची जोडी जमली. एक बेंचवर, दुसरा डोक्याशी. कृष्णकांतने हाडाची काडं केली. पहाटे उठून व्यायामाचा रबरी पट्टा ओढायचा, संध्याकाळी खांदा शेकायचा, कुरकुरला की खांद्यालाच आईमाईवरून शिवी हासडायचा आणि पुढचा सेट मारायचा. साठ झाले. ऐंशी झाले. शंभर गेले त्या दिवशी वेणूनेच ताटात अंडं वाढलं. दिवाळीनंतर एकशे पंधरा गेले, तर भगवानच त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडला आणि अख्ख्या व्यायामशाळेला वडापाव खाऊ घातला.

अशा माणसाला बुडवताना जरा जड जायला हवं होतं. गेलं नाही. याच्या बापाची जमीन आहे, कृष्णकांत मनाशी म्हणायचा, उद्या बिल्डर दारात येऊन बसेल. माझ्या दारात कोण येणार? भाडं मागायला मालक.

स्पर्धेआधी व्यायामशाळा चालवणारे दाजी म्हणाले, "परवा दोघांनी माझ्यासमोर मारायचं. डोक्याशी कोणी उभं राहायचं नाही. खरं काय ते कळू दे."

कृष्णकांत घाईने पुढे झाला.

"दाजी, आता जोर लावला तर माझा खांदा बोलेल," तो म्हणाला. "भग्यालाही दमवू नका. ताकद राखू दे."

"भगवान, तू बोल."

भगवानने एकदा कृष्णकांतकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "नको दाजी. तो म्हनतो तेच बरोबर हाय."

गाढव, कृष्णकांतला वाटलं. आपला खड्डा आपणच खणतोय.

जिल्ह्याची स्पर्धा उरणला, एका शाळेच्या सभागृहात होती. भगवानने ठरल्याप्रमाणे एकशे दहा सांगितलं. पहिल्यांदा रॉड छातीवर आला तो तिथेच बसला. दुसऱ्यांदा वीतभर उठला आणि वाकडा झाला. तिसऱ्यांदा उठलाच नाही. तिन्ही वेळा लाल दिवे. माईकवाल्याने 'बाद' म्हणून नाव पुकारलं, तेही चुकीचं.

भगवान खाली उतरला. त्याचे डोळे भरले होते.

"होतं असं," कृष्णकांत म्हणाला. आवाज बरोबर जड निघाला.

"माजं जाऊ दे. आता तूच हायस. नीट मार."

रॉडवर एकशे पंधरा चढले. कृष्णकांत बेंचवर आडवा झाला. दोन्ही बाजूंना आयोजकांची माणसं उभी होती. पंचाने खूण करेपर्यंत त्यांनी बोटही लावायचं नव्हतं. छताचा पंखा संथ फिरत होता. त्याने मुकादमाचा चेहरा आठवला, एक श्वास घेतला आणि रॉड छातीवर उतरवला.

"प्रेस!" पंच ओरडला.

रॉड जरासा उठला आणि थांबला. मग परत छातीकडे यायला लागला. खांदा दुखत नव्हता. खांद्याला काहीच झालं नव्हतं. हातच उठत नव्हते.

दोरी ओलांडून भगवान मंचाकडे धावला. कोणीतरी त्याला मागून धरलं, तरी तो जिवाच्या आकांताने ओरडत होता, "बघत काय उभे रं! बोटं लावा खालून! नुसती दोन बोटं! मी रोज लावतो, त्याला कळत पन नाय!"